भांडण गिटारशी, झाकत होतं व्हायोलिन: मित्रांच्या एका फोक बँडचं प्रकरण

चौघांचा हा गट. एक जण गिटार वाजवतो आणि मुख्य गातो. दुसरी मँडोलिन वाजवते आणि साथीला वरच्या पट्टीत गाते. तिसरीचं व्हायोलिन, चौथा काहोनवर, म्हणजे वर बसून हातानं वाजवायच्या लाकडी खोक्यावर. पोटापाण्याचे उद्योग चौघांचे वेगवेगळे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जुनी लोकगीतं आणि त्याच वळणाची स्वतः रचलेली गाणी वाजवायची, हा नाद. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. असेच आणखी तीन-चार गट त्यांच्या ओळखीत आहेत. एकाचा माइकस्टँड दुसऱ्याच्या गाडीत पडलेला असतो, एकाच्या कार्यक्रमाचं पोस्टर दुसऱ्यानं केलेलं असतं, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण गेल्या वेळी स्वतःच स्टेजवर होते.

नावं गाळते आहे. वाद्यांवरूनच ओळख पुरेशी आहे.

प्रकरण घडलं तीन गटांच्या एका जोडकार्यक्रमात. आधी एक एकटा गायक, मग तिघांचा गट, शेवटी हे चौघं. यांचा सेट मध्यावर आला तेव्हापासूनच काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. शेवटच्या गाण्याआधी मँडोलिनवालीनं वाद्य पेटीत ठेवलं आणि ते गाणं नुसतं गायली. रात्री गटाच्या व्हॉट्सअॅपवर तिचा निरोप आला: यापुढे मला धरू नका, तो मला मुद्दाम झाकतो. गिटारवाल्याचं उत्तर तासाभरात: तू लय सोडतेस, मग मला जोर लावावाच लागतो. व्हायोलिनवालीनं मैत्रिणीची बाजू घेतली, काहोनवाल्यानं कोणाचीच घेतली नाही, आणि त्याबद्दल दोघांकडून ऐकून घेतलं. इतर गटांतल्या मित्रांनी जुनी उणीदुणी काढली. त्याचा स्वभावच पुढे पुढे करण्याचा, हिला टीका सोसत नाही, वगैरे.

त्या रात्री मिक्सरवर मी होते. मिक्सर डिजिटल असल्यामुळे प्रत्येक माइकचं आणि प्रत्येक वाद्याचं स्वतंत्र ध्वनिमुद्रण आपोआप होत होतं. भांडणात हा पुरावा फार क्वचित हाताशी असतो. पुढचं सगळं विवेचन त्यावर आणि चौघांशी वेगवेगळं बोलून जे कळलं त्यावर उभं आहे.

चॅनेल एकेक बंद करून

पहिली तक्रार तपासायची तर सोपी होती. गिटार मँडोलिनला झाकते का? चौथं गाणं लावलं आणि गिटारचं चॅनेल पूर्ण बंद केलं. मँडोलिन तरीही नीट ऐकू येईना. काहीतरी किणकिणतं आहे एवढंच कळत होतं, कुठला स्वर ते नाही. मग गिटार परत चालू करून व्हायोलिन बंद केलं, आणि मँडोलिन एकदम समोर आली. एकेक स्वर मोजून घ्यावा इतकी स्वच्छ.

आश्चर्य वाटलं, पण वाटायला नको होतं. मँडोलिन आणि व्हायोलिनच्या तारा एकाच स्वरांना लावतात: सा-रे-ग-मच्या भाषेत न जाता पाश्चात्त्य नावांनी सांगायचं तर खालून वर जी, डी, ए, ई. दोन्हींचा पल्ला जवळजवळ एकच. फरक आहे तो स्वर किती टिकतो यात. मँडोलिनची तार छेडली की स्वर क्षणात विरतो, म्हणून तर तिच्यावर लांब स्वर हवा असेल तर तारेवर झरझर आघात करत राहावे लागतात. व्हायोलिनचा गज फिरत असेपर्यंत स्वर चालूच. दोघी एकाच सप्तकात, एकाच वेळी वाजल्या की टिकणारा आवाज विरणाऱ्या आवाजाला गिळतो. ध्वनिशास्त्रात याला मास्किंग म्हणतात आणि त्यात कोणाच्याही हेतूचा संबंध नसतो.

व्हायोलिनवाली ही मँडोलिनवालीची सगळ्यात जवळची मैत्रीण. तिच्यावर संशय घेणं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक कडव्याखाली ती अखंड वाजवत होती, कारण सरावाच्या खोलीत ते छान वाटायचं. सरावाच्या खोलीत माइक नव्हते आणि चौघं गोल बसायचे. तिथे मँडोलिन तिच्या समोर, हातभर अंतरावर असायची.

मग मँडोलिनवालीला गिटारच का दोषी वाटली? ती खोटं बोलत नव्हती. हा भाग तिच्या खुर्चीवर बसून पाहिल्याशिवाय कळला नसता.

तिच्या कानाशी काय होतं

गिटारवाल्याकडे स्वतःचा छोटा अॅम्प आहे. तो त्यानं नेहमीप्रमाणे जमिनीवर, स्वतःच्या मागे पोटऱ्यांपाशी ठेवला होता. गिटारचा आवाज तिथून एक आणि डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) थेट मिक्सरमध्ये एक, असा दोन वाटांनी निघत होता. स्पीकरचे वरच्या कंपनसंख्यांचे आवाज सरळ रोखानं जातात, बाजूला फारसे पसरत नाहीत. अॅम्पला अगदी लागून उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला त्यामुळे गुबगुब तेवढी पोचते, गिटारचा चकचकीत भाग पायांवरून निघून जातो. तो जातो कुठे? थोडं लांब, तिरक्या रेषेत, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाकडे. तिथे मँडोलिनवाली बसली होती.

म्हणजे गिटारवाल्याला स्वतःची गिटार ऐकू येत नव्हती आणि तिला गिटारशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या गाण्यानंतर त्यानं अॅम्पची कळ वर केली, ते ध्वनिमुद्रणातही कळतं, कारण तिच्या माइकमध्ये त्याची गिटार अचानक जास्त शिरू लागते. त्याला ते हक्काचं वाटलं. तिला ते उत्तर वाटलं.

त्यावर ती मोठ्यानं गाऊ लागली. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये नोंदवलं, आणि आजही त्या परिणामाला त्यांचंच नाव आहे. चढवलेल्या आवाजात सूर सांभाळणं अवघड. तिचा साथीचा सूर चौथ्या गाण्यापासून ठिकठिकाणी उतरलेला आहे. गिटारवाल्यानं ते ऐकलं, आणि तिचं लक्ष नाही अशी स्वतःची समजूत करून घेतली.

मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, होते, दोन होते, पण दोन्हींत एकच मिश्रण जात होतं. ज्याला गिटार हवी त्यालाही तेच, जिला ती नको तिलाही तेच. एकानं हात वर करून "माझं वाढव" म्हटलं की चौघांचं वाढतं. आणि वाढवण्याला मर्यादा असते. माइकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा त्याच माइकमध्ये पहिल्याइतकाच किंवा जास्त जोरानं परतला की ती साखळी स्वतःच्या बळावर चालू लागते आणि शिट्टी सुटते. स्टेजवर उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी जागा सुमारे 3 डेसिबलनं कमी होते. या गटाचे सहा माइक उघडे होते. त्यात मँडोलिनचा माइक वाद्यापासून वीतभरापेक्षाही लांब, कारण तिला वाजवताना हलायची सवय. अंतर निम्म्यावर आणलं तर माइकला 6 डेसिबल फुकट मिळतात. मिक्सरवरची कोणतीही कळ इतकं स्वच्छ काही देत नाही.

लय कोणी सोडली

आता गिटारवाल्याची तक्रार. काहोनचा ठोका आणि मँडोलिनचा आघात यांची चित्रं संगणकावर एकाखाली एक ठेवली. पहिल्या दोन गाण्यांत दोन्ही जवळजवळ एका रेषेत. पाचव्या गाण्यात मँडोलिन काहोनच्या मागे, आणि मागे पडण्याचं अंतर आश्चर्यकारकपणे स्थिर: बहुतेक ठिकाणी 60 ते 80 मिलिसेकंदांच्या दरम्यान. लय सुटलेल्या माणसाचं अंतर असं स्थिर नसतं, ते कधी पुढे कधी मागे पळतं. इतक्या नेमानं मागे राहणारा माणूस कशाच्या तरी बरोबर वाजवत असतो.

ती कशाच्या बरोबर वाजवत होती? खोली लांबट, मागची भिंत उघडी, काहीही न टांगलेली. स्पीकरपासून भिंत साधारण 12 मीटरवर. आवाजाचा वेग सामान्य तापमानाला सेकंदाला सुमारे 343 मीटर, म्हणजे जाऊन येऊन 24 मीटरना 70 मिलिसेकंद. काहोनचा पुढचा पाट प्रेक्षकांकडे होता आणि ती त्याच्या मागच्या बाजूला बसली होती. थेट ठोका तिच्यापर्यंत जेमतेम येत होता आणि जो येत होता तो अॅम्पखाली दबत होता. तिला स्पष्ट ऐकू येणारा काहोन हा भिंतीवरून परतलेला काहोन होता, आणि त्याला ती चोख धरून होती. 25-30 मिलिसेकंदांपर्यंतचा फरक वादक बहुधा न कळत निभावून नेतात. 70 मिलिसेकंद म्हणजे, मिनिटाला 120 मात्रांच्या गाण्यात, पाव मात्रेच्या निम्म्याहून जास्त. तो कोणालाही टोचणार.

पहिल्या दोन गाण्यांत मात्र हे का झालं नाही? मला यात सगळ्यात जास्त रस वाटला. त्याचं उत्तर ध्वनियंत्रणेत नाही, कार्यक्रमाच्या क्रमात आहे.

तिघांच्या गटाला अर्धा तास दिला होता. त्यांनी बराच जास्त घेतला. मित्रच आहेत, थांबवायचं कोणी? त्याआधी एकट्या गायकानंही एक गाणं वाढवलं होतं. हे चौघं स्टेजवर चढेपर्यंत लोकांची घरी जायची वेळ झाली होती. पहिली दोन गाणी भरल्या खोलीत झाली, मग तिघांच्या गटाला ऐकायला आलेले लोक उठले, आणि तो गट स्वतःही सामान आवरून बाहेर गप्पा मारत उभा राहिला. माणूस हा उत्तम ध्वनिशोषक आहे. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवत, काढत आणि घुमारा मोजत हेच आकड्यांत बसवलं. एक माणूस किती गाद्यांइतका आवाज शोषतो याचाही त्यांनी हिशोब मांडला. इथे गाद्या नाहीत, माणसं उठून गेली. मागची भिंत मोकळी झाली आणि परतणारा ठोका जोरदार झाला.

म्हणजे तिघांचा गट लांबला म्हणून खोली रिकामी झाली, खोली रिकामी झाली म्हणून मँडोलिन मागे पडली, मँडोलिन मागे पडली म्हणून गिटारवाल्यानं जोर लावला. यातल्या शेवटच्या कडीवर भांडण झालं. पहिल्या कडीचं नावही व्हॉट्सअॅपवर निघालं नाही.

घाईचा आणखी एक बळी म्हणजे सूर लावणं. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या; जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात. ती मागच्या गार खोलीत वाद्य लावून आली आणि दिव्यांच्या उष्णतेखाली बसली. पोलादी तार तापली की सैलावते, स्वर उतरतो. 440 हर्ट्झच्या ए-मध्ये अर्धस्वराच्या विसाव्या भागाइतका फरक पडला तरी सेकंदाला एकाहून थोडे अधिक हेलकावे ऐकू येतात. दोन गटांच्या मधे पाच मिनिटं मिळाली असती तर ती पुन्हा लावता आली असती. ती पाच मिनिटं आधीच्यांनी खाल्ली होती.

राग नेमका कशाचा

फोकच्या इतिहासात याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 25 जुलै 1965 ला अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फोक महोत्सवात बॉब डिलन विद्युत गिटार घेऊन उतरले आणि गर्दीतून आरडाओरडा झाला. परंपरेचा द्रोह म्हणून लोक चिडले अशी ती गोष्ट सांगितली जाते. पण आवाज इतका फाटका होता की शब्द कळत नव्हते, आणि सेट फार लवकर संपला, म्हणून लोक ओरडले असंही तिथे असलेल्यांपैकी काहींनी सांगितलं आहे. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांनी पुढे स्वतःच्या संतापाचं कारण हेच दिलं, की गाण्याचे शब्द ऐकू येत नव्हते. साठ वर्षं झाली, तो वाद मिटलेला नाही.

मित्रांच्या गटात हे जास्त घडतं असं माझं मत आहे. परक्या वादकाचा आवाज जड झाला तर आपण ध्वनिवाल्याकडे बघतो. मित्राचा झाला तर त्याच्या स्वभावाकडे बघतो, कारण तो आपल्याला माहीत असतो आणि त्याचे दाखले तयार असतात.

तरीही सगळं खापर भिंतीवर आणि अॅम्पवर फोडता येणार नाही. मँडोलिनवालीशी शांतपणे बोलल्यावर एक जुनी गोष्ट निघाली. गटाचं सर्वांत लोकप्रिय गाणं पारंपरिक आहे, पण त्याची चाल मोडून संथ करणं, मधला वाद्यांचा तुकडा रचणं, शेवट वेगळा करणं, हे सगळं तिनं केलं. ते गाणं ऑनलाइन चढवताना मांडणीकार म्हणून गिटारवाल्याचं एकट्याचं नाव गेलं. त्याचं म्हणणं, अर्जात एकच रकाना होता आणि खातं माझ्या नावावर आहे. खरंही असेल.

पारंपरिक गाणं म्हणजे कोणाचंच नाही, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं बहुतेकांना नसतं. अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी 1882 ते 1898 या काळात 305 इंग्रजी-स्कॉटिश बॅलड, म्हणजे कथागीतं, पाठभेदांसह छापली. ती कोणीही गावीत. पण लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानं संगीताच्या मांडणीलाही मूळ कृतीसारखं स्वतंत्र संरक्षण दिलं आहे, मूळ गाण्यावरच्या हक्काला धक्का न लावता. त्यामुळे "पारंपरिक" या शब्दानंतर "मांडणी" असं लिहून जे नाव येतं, पैसे त्या नावाकडे जातात. 1964 मध्ये द अॅनिमल्स या ब्रिटिश बँडनं एका जुन्या अमेरिकी लोकगीताचं जगभर गाजलेलं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा मांडणीकार म्हणून कीबोर्डवादक अॅलन प्राइस यांचं एकट्याचं नाव लागलं. त्यामागचं कारण म्हणून सांगितलं जातं ते असं, की तबकडीवरच्या लेबलवर पाचही नावांना जागा नव्हती. मानधन एकाकडे गेलं आणि बाकीच्यांची कटुता पुढे अनेक दशकं टिकली. एका रकान्याची अडचण नवी नाही.

जोडकार्यक्रमाच्या पैशांचंही असंच न बोललेलं होतं. खर्च वजा जाता तिकिटाचे पैसे गटागटांत समान वाटायचे, हा मित्रांचा रिवाज. तीन गट, प्रत्येकाला एक तृतीयांश. एकट्या गायकाला पूर्ण तृतीयांश आणि या चौघांपैकी प्रत्येकाला एक बारांश. कोणी कधी काढलं नाही, कारण रक्कम छोटी आणि काढणारा हलका ठरेल. पण मँडोलिनवालीनं मला तो बारांश न विचारता सांगितला, म्हणजे तिच्या डोक्यात तो होता.

काय बदललं

आधी चौघांना एकत्र बसवून ध्वनिमुद्रण ऐकवलं, चॅनेल बंद-चालू करत. मी काही बोलले नाही. व्हायोलिन बंद झालं आणि मँडोलिन उघडी पडली तेव्हा व्हायोलिनवाली म्हणाली, "अगं, हे तर मी करते आहे." त्यानंतर अर्धं काम उरलंच नव्हतं.

मांडणी बदलली. कडवं चालू असताना व्हायोलिन गप्प. ओळीच्या शेवटी आणि कडव्यांच्या मधे बोलायचं. मँडोलिननं कडव्याखाली सुरावट वाजवणं सोडलं आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तार लगेच दाबून तुटक ठोका द्यायला सुरुवात केली, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीत ज्याला चॉप म्हणतात तो. त्यामुळे तिला काहोनबरोबर राहणं भाग पडलं आणि ती काहोनवाल्याच्या शेजारी बसू लागली. गिटारवाला दोन गाण्यांत कापो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) बराच वर लावत होता; त्यानं तो खाली आणला आणि गिटार मँडोलिनच्या पल्ल्यातून बाहेर आली. याला तो सहज तयार झाला नाही. त्या गाण्यांची त्याच्या गळ्याची पट्टी बदलावी लागली, आणि एक गाणं अजूनही त्याला पहिल्यासारखं वाटत नाही. मलाही नाही, खरं सांगायचं तर. ते उंच कापोतलं चमकणं गेलं.

अॅम्प खुर्चीवर चढला आणि तोंड वर करून त्याच्याच कानाकडे वळवला. या एका बदलानं त्यानं स्वतः होऊन आवाज निम्म्याच्या आसपास आणला. पैसा शून्य, वेळ दहा सेकंद. मॉनिटरना वेगवेगळी मिश्रणं मिळाली. मिक्सरवर ती सोय पहिल्यापासून होती, फक्त एक केबल जास्त लागत होती. मँडोलिनला चिमट्यानं अडकवायचा छोटा माइक लावला.

मधे एकच माइक ठेवून सगळ्यांनी भोवती उभं राहण्याचाही प्रयोग झाला. जुन्या रेडिओच्या काळातली ही पद्धत दिसायला सुंदर, आणि तोल वादकांच्या पायांत असतो: ज्याचा तुकडा तो पुढे, बाकीचे मागे. शांत, बसून ऐकणाऱ्या खोलीत ती अप्रतिम चालली. बोलणाऱ्या गर्दीत एकदा करून पाहिली आणि पहिल्याच गाण्यात शिट्टीच्या उंबरठ्यावर जाऊन आलो. लांबचा माइक वाढवायला जागाच उरत नाही. ती पद्धत आता श्रोते कसे आहेत ते पाहून ठरते.

कार्यक्रमाचा क्रम बदलणं सगळ्यात अवघड गेलं, कारण त्यात इतर गटांचे मित्र आले. ठरलं ते असं: एका संध्याकाळी दोनच पूर्ण गट, मधे सामान बदलायला पंधरा मिनिटं, काहोन आणि स्टँड सामायिक, आणि वेळ सांगायला स्टेजवर नसलेला एक माणूस. सुरुवातीला एखाद्याला दोन गाणी, माइकशिवाय. ब्रिटनमधल्या फोक क्लबांत ही जुनी रीत आहे. पाहुण्या कलाकाराआधी बसलेल्यांपैकी कोणी उठून गातो, त्याला फ्लोअर सिंगर म्हणतात. शिवाय आपलं वाजवून झाल्यावर दुसऱ्या गटाच्या सेटला आत बसायचं. हा नियम लिहिताना जरा हसू आलं सगळ्यांना, पण त्यानं मागची भिंतही झाकली जाते.

पैशांसाठी मधला मार्ग निघाला. अर्धी रक्कम गटांत समान, अर्धी माथ्यामागे समान. त्या रात्रीच्या आकड्यांत, म्हणजे एक, तीन आणि चार अशा आठ माणसांत, एकट्या गायकाला 33 ऐवजी सुमारे 23 टक्के मिळाले असते आणि चौघांना मिळून सुमारे 42. तरीही एकट्या गायकाचा माथ्यामागचा हिस्सा यांच्या दुप्पट राहतो. त्यावर काहोनवाल्याचं म्हणणं मला पटलं: तो एकटा तेवढीच लोकं आणतो, आणि त्याच्यासाठी लाइनचेकला, म्हणजे माइक आणि वाद्य तपासून घ्यायला, दोन मिनिटं लागतात.

जे सुटलं नाही

मँडोलिनवाली परत आली आहे. पण तिघांच्या गटाला हे सगळं आपल्याविरुद्ध वाटतं, आणि ते अगदी चूक नाहीत. पूर्वी दर महिन्याला ते जोडकार्यक्रमात असायचे, आता आड महिन्याला. वेळ पाळण्याचा नियम त्यांच्यामुळे आला हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो नियम वाचला की त्यांना आपलं नाव दिसतं. एकट्या गायकानं मात्र सुरुवातीच्या दोन गाण्यांची जागा आनंदानं घेतली आणि वाट्याचं तुम्हीच ठरवा म्हणाला. दोन गाण्यांना कोणता हिशोब लावायचा, यावर अजून एकमत नाही.

ऑनलाइन नोंद दुरुस्त झाली, आता मांडणीकार म्हणून गटाचं नाव आहे आणि वाटणी चौघांत समान असल्याचा एक कागद आहे. मँडोलिनवालीला तेही पूर्ण मान्य नाही. तिचं म्हणणं, त्या गाण्यापुरतं माझं एकटीचं नाव हवं, पैसे चौघांत वाटा. व्हायोलिनवालीच्या मते शेवटचा तुकडा तिचा आहे, म्हणून निदान दोन नावं हवीत. गिटारवाल्यानं यावेळी सांगितलं की रकान्यात जे ठरेल ते भरतो, आधी तुम्ही दोघी ठरवा.